फाळका उघडताच थप्पी अंगावर का येते?

प्रश्न : ट्रकचा मागचा फाळका उघडला आणि पोत्यांची थप्पी कामगारावर कोसळली. खांदा मोडला. दोर तर घट्ट होता, मग चुकलं कुठे?

उत्तर : दोर घट्ट होता, हीच धोक्याची खूण असू शकते. ब्रेक आणि खड्ड्यांमुळे माल सरकतो, थप्पी मागे झुकते आणि तिचा भार दोरावर व फाळक्यावर येतो. फाळका अडकवणारी खिटी काढली की तो आधारच जातो. ५० किलोचं पोतं २ मीटरवरून पडलं तर खाली येईपर्यंत त्याचा वेग ताशी २२ किलोमीटरच्या वर जातो. हेल्मेट घाला, पण एवढ्या वजनापुढे मान आणि खांदा त्याने वाचत नाही.

म्हणून आधी गाडी सपाट जागेवर घ्या, हँडब्रेक ओढा, चाकांना ठोकळे लावा. मग बाजूने नीट पाहा : फाळका बाहेर फुगलाय? ताडपत्री एका जागी ताणलीय? खिटी नेहमीपेक्षा जड जातेय? यातलं एक जरी दिसलं तरी फाळका उघडू नका. हातोड्याने खिटी ठोकणं तर मुळीच नको. शक्य असेल तर दुसऱ्या बाजूने, वरून माल कमी करा. उघडणाऱ्याने फाळक्याच्या कडेला उभं राहावं, मागे कुणीही नको.

पोती वरून खाली, पायऱ्या ठेवत काढा. मधलं पोतं ओढलं की वरची रांग येतेच.