पल्पचा पंप कोरडा फिरवू नका

प्रश्न : आमच्या आंबा पल्पच्या युनिटमधल्या स्क्रू पंपाचं रबर दर हंगामात जातं. असं का? – एक वाचक, देवगड

उत्तर : बहुतेक तुमचा पंप कोरडा फिरतोय. आत एका आट्याचा पोलादी रोटर, म्हणजे फिरणारा दांडा; बाहेर दोन आट्यांचा रबरी स्टेटर, म्हणजे न फिरणारी नळी. दोघांमध्ये बंद कप्पे तयार होतात. रोटर फिरला की ते पल्पसकट पुढे सरकतात, रस घुसळला जात नाही. फ्रेंच इंजिनिअर रेने म्वानो यांची ही १९३०च्या सुमाराची कल्पना मला आजही थक्क करते. पण रोटर रबरात घट्ट बसतो आणि त्याला वंगण पल्पचंच. टाकी रिकामी झाली की बघता बघता रबर करपतं. रत्नागिरीत ऐन मे महिन्यात, रात्री दोन वाजता मी असा स्टेटर बदललाय. तो वास अजून नाकात आहे. टाकीला लेव्हल सेन्सर बसवाच. आणि डिलिव्हरीचा, म्हणजे पल्प बाहेर पडतो त्या बाजूचा, व्हॉल्व्ह बंद असताना पंप कधीही सुरू करू नका.