एका केबिनमध्ये किती जण? क्रूझच्या खोलीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही दोघे, नऊ वर्षांची मुलगी, चौदा महिन्यांचा मुलगा आणि सासूबाई (वय 72) असे पाच जण सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझला जाणार आहोत. चौघांची केबिन मिळते आहे. बाळ आमच्या कुशीतच झोपते, तरी पाचवे नाव घेत नाहीत. बाळाचे नाव न घालता बुकिंग केले तर चालेल का?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही, आणि तसे करूच नका. रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही, हॉटेलात जादा गादी मिळते. जहाजावर तान्हे बाळही पूर्ण एक प्रवासी धरले जाते. त्याच्या नावावर जीवरक्षक नौकेत एक जागा असावी लागते आणि त्याच्या मापाचे लाइफ जॅकेटही. बंदरावर प्रवाशांच्या यादीत नाव नसेल तर बाळाला जहाजावर घेत नाहीत, आणि ऐनवेळी तुमचे भाडेही परत मिळत नाही. बाळाच्या वयाची अट बहुतेक कंपन्यांत किमान सहा महिने, तर लांबच्या सागरी सफरींना बारा महिने असते. तुम्हाला ती अडचण नाही.

पाच जणांची फॅमिली केबिन काही जहाजांवर असते, पण मोजकीच, आणि ती लवकर संपते. तुमच्यासाठी आम्ही दोन कनेक्टिंग केबिन सुचवू. कनेक्टिंग म्हणजे मधल्या भिंतीत दार असलेल्या. नुसत्या शेजारच्या केबिन वेगळ्या. त्यांत एकीतून दुसरीत जायला कॉरिडॉरमधूनच जावे लागते. डेक प्लॅनवर, म्हणजे जहाजाच्या मजल्यांच्या नकाशावर, अशा जोडीला खूण असते, ती पाहून दोन्ही नंबर पक्के करून घ्या. ‘नंबर नंतर कळवू’ असे स्वस्त बुकिंग कुटुंबाने घेऊ नये. केबिन वेगवेगळ्या डेकवर येऊ शकतात.

खर्चाचा हिशेब असा. केबिनमधल्या पहिल्या दोघांना पूर्ण भाडे आणि तिसऱ्यापासून कमी, ही सर्वसाधारण पद्धत आहे. उदाहरणादाखल पूर्ण भाडे 40,000 आणि कमी भाडे 20,000 धरा. एकाच केबिनमध्ये पाच जणांचे 1,40,000 होतील, दोन केबिनमध्ये (3+2) 1,80,000. बंदर शुल्क आणि सेवाशुल्क दोन्हीकडे माणशी सारखेच असते. फॅमिली केबिनचा मूळ दर मात्र साध्या केबिनपेक्षा बराच जास्त असतो, त्यामुळे हा फरक पुष्कळदा राहत नाही. शिवाय दुसरे बाथरूम मिळते.

एका केबिनमध्ये तुम्ही दोघे आणि बाळ, दुसरीत सासूबाई आणि मुलगी. प्रत्येक केबिनमध्ये एक प्रौढ व्यक्ती हवी, ही अट यात आपोआप पाळली जाते, आणि वरच्या बर्थवर कोणालाच चढावे लागत नाही. सासूबाईंच्या केबिनमध्ये दोन पलंग वेगळे ठेवायला सांगा. पाळणा बुकिंगच्या वेळीच मागा. जहाजावर त्यांची संख्या मर्यादित असते. आणि एक सांगायलाच हवे : डायपर किंवा ओले वाइप्स कमोडमध्ये टाकू नका. जहाजावरचे संडास व्हॅक्यूमवर चालतात. एक पाइप तुंबला की आसपासच्या केबिनचेही बंद पडतात.

प्रश्न : आम्ही चार मैत्रिणी (वय 45 ते 52) मुंबई–गोवा क्रूझला एकच आतली केबिन घेत आहोत. अडचण होईल का?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : दोन-तीन रात्री निभावता येईल, पण तयारी करून जा. साधी केबिन साधारण 14 ते 16 चौरस मीटर असते, जुन्या जहाजांवर त्याहूनही लहान. खाली दोन पलंग, वर भिंतीतून किंवा छतातून उघडणारे दोन बर्थ. खालचे पलंग वेगळेच ठेवायला आधी कळवा. ते जोडून मधोमध ठेवले तर शिडी लावायला जागा उरत नाही आणि खालची उठताना डोके वरच्या बर्थला आपटते. वर कोण झोपणार ते घरूनच ठरवा. गुडघेदुखी किंवा चक्कर असलेल्यांनी, रात्री दोन-तीनदा उठावे लागणाऱ्यांनीही, खालचाच पलंग घ्यावा. अंधारात, जहाज हलत असताना शिडी उतरणे धोक्याचे आहे. सकाळी अटेंडंटला बर्थ मिटून ठेवायला सांगा. तेवढ्याने दिवसभर वावरायला जागा होते.

सामानाने सर्वांत जास्त जागा अडते. चार कडक सूटकेस आणू नका. दोघींत एक बॅग घ्या, शक्यतो कापडी; रिकामी करून ती पलंगाखाली सरकवता येते. केबिनच्या भिंती बहुधा धातूच्या असतात, म्हणून सहा-आठ चुंबकी हुक न्या. ओढण्या, पर्स, ओले टॉवेल त्यांवर टांगता येतात. बाथरूममध्ये जेमतेम एक जण मावते. तेव्हा दोघींनी रात्री आंघोळ करावी, दोघींनी सकाळी. केस विंचरणे, आवरणे बाहेरच्या आरशापाशी.

चार मोबाइल आणि प्लग एक किंवा दोन, हा प्रश्न हमखास येतो. घरचा एक्स्टेंशन बोर्ड नेऊ नका. आगीच्या भीतीने तो तपासणीत काढून घेतात. इस्त्री आणि किटलीचेही तेच. सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक वाढलेला दाब रोखणारा भाग) नसलेला, अनेक यूएसबी खाचांचा चार्जर आणि पॉवर बँक न्या, पण त्याआधी कंपनीची मनाई यादी वाचा.

आतल्या केबिनला खिडकी नसते, दिवे मालवले की गडद अंधार होतो. बाथरूमपाशी बॅटरीवर चालणारा छोटा दिवा ठेवा.

प्रश्न : केबिनमध्ये चार बर्थ आहेत, आम्ही दोघेच आहोत. आता भावाचे नाव घालायचे तर कंपनी नाही म्हणते. असे कसे?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : प्रत्येक केबिनला एक मस्टर स्टेशन, म्हणजे संकटात जमायची जागा, नेमून दिलेले असते. तिथल्या जीवरक्षक नौकांची क्षमता ठरलेली असते. त्या भागातल्या इतर केबिनमध्ये तिघे-चौघे असतील तर ती संख्या आधीच भरते, मग तुमचा बर्थ रिकामा असूनही नवे नाव घेत नाहीत. जहाजाच्या दुसऱ्या भागातली तिघांची केबिन बदलून मागा. तिचे मस्टर स्टेशन वेगळे असू शकते. नाव वाढण्याची थोडी जरी शक्यता असेल तर सुरुवातीलाच तिघांचे बुकिंग करा, कारण नाव कमी करणे नंतर घालण्यापेक्षा सोपे. मात्र रद्द करण्याची शेवटची तारीख आणि कापली जाणारी रक्कम आधी लेखी घ्या.