नवे खाते उघडताना

समाजमाध्यमावर खाते उघडल्याबरोबर छायाचित्रे टाकण्याची घाई करू नका. आधी मोबाईल क्रमांक, जन्मतारीख आणि मित्रयादी कोणाला दिसावी हे ठरवा, आणि दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारी सोय) सुरू करा. मित्रयादीबद्दल मी आग्रहाने सांगतो, कारण माझी यादी सर्वांना खुली असताना कोणीतरी माझेच छायाचित्र लावून दुसरे खाते काढले आणि ‘दवाखान्यात आहे, पाच हजार पाठवा’ असा निरोप माझ्या चादरींच्या धंद्यातील ओळखीच्यांना धाडला. एकाने पैसे पाठवण्यापूर्वी मला फोन केला, म्हणून ते वाचले. असा निरोप तुम्हाला आला, तर तुम्हीही आधी फोनच करा.

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावरून सहकुटुंब छायाचित्र टाकावेसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु घराला कुलूप असल्याचे त्यातून अनोळखी माणसालाही कळते, म्हणून मी ते घरी परतल्यावर, मागे दिसणारी गाडीची नंबरप्लेट कापूनच टाकतो. ओटीपी कोणालाही सांगू नका. तरीही पैसे गेलेच, तर संकोच न करता लगेच १९३० या सायबर फसवणुकीसाठीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा. रक्कम पुढे वळवली जाण्याआधी ती गोठवता येण्याची शक्यता असते.