लाईट, पाणी, गॅस, वायफाय सगळं धरून 26 हजार भाडं, अंधेरीत असा वन आरके घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की अंधेरी ईस्टला वन आरके बघितलाय, मालक सगळं धरून 26 हजार म्हणतोय आणि त्याच एरियात लाईट बिल स्वतः भरायचं असलेला तसाच वन आरके 21 ला मिळतोय. म्हणजे फरक 5 हजारांचा, अकरा महिन्यांच्या अ‍ॅग्रीमेंटला 55 हजार. एवढ्या पैशांत नक्की काय मिळतंय ते आधी बघू.

पाणी आणि मेंटेनन्स सोडून द्या. सोसायटीच्या बिल्डिंगमध्ये पाण्याचं बिल सोसायटीला येतं, ते मेंटेनन्समधून जातं, आणि मुंबईत मेंटेनन्स बहुतेक ठिकाणी मालकच भरतो. 21 हजारवालाही भरणारच आहे, त्यामुळे "पाणी फ्री" म्हणून कोणी सांगत असेल तर त्यात वेगळं काही देत नाहीये. गॅस पाईपचा असेल तर महानगर गॅसचं बिल दोन महिन्यांनी येतं, एकट्या माणसाचं काही शेकड्यांत असतं. सिलिंडर असेल तर मात्र विचारा की संपला की भरून कोण आणणार, कारण तिथेच "ते तुमचं तुम्ही बघा" सुरू होतं. वायफाय सहा-सातशे धरा. राहिली लाईट. पंखा, फ्रीज, ट्यूबलाईट, आठवड्यातून दोनदा वॉशिंग मशीन एवढंच असेल तर शंभर-सव्वाशे युनिटच्या वर सहसा जात नाही, हजार-बाराशे धरून चला. सगळं मिळून माझ्या अंदाजाने दोन ते अडीच हजार होतात. तुम्ही 5 देताय.

आता एसी. एक टनाचा एसी ताशी साधारण पाऊण ते एक युनिट खातो, रात्री आठ तास लावलात तर महिन्याला दोनशेच्या आसपास युनिट नुसते एसीचेच, आणि आपल्याकडे स्लॅब आहेत, पहिले 100 युनिट स्वस्त, 101 ते 300 महाग, त्याच्या वर आणखी महाग, म्हणजे एसीचे जवळजवळ सगळे युनिट महागाच्या स्लॅबमध्येच पडतात. एप्रिल, मे, ऑक्टोबरला 5 हजार जवळजवळ वसूल होतील, पण पावसाळ्यात आणि डिसेंबर-जानेवारीत तेच पैसे मालकाच्या खिशात. तुम्ही घरून काम करत असाल आणि दिवसभर एसी लागत असेल तर गणित तुमच्या बाजूने फिरतं, फक्त ते मालकाला आधीच स्पष्ट सांगा, नंतर भांडण नको.

भांडण होतं म्हणूनच सांगतोय. मी गोरेगावला असाच राहायचो, मालकाने एका फ्लॅटचे दोन भाग केलेले, पलीकडे त्याचं कुटुंब, अलीकडे मी, मीटर एकच. हिवाळ्यात सगळं गोड होतं. मे महिन्यात बिल घेऊन दारात उभा, म्हणे एसी दहानंतर लावायचा आणि पाचला बंद करायचा, आणि वरचे पैसे निम्मे निम्मे. अ‍ॅग्रीमेंटमध्ये लाईटबद्दल एक ओळ नव्हती. एक मीटर दोन घरांत असलं की पहिले स्वस्त 100 युनिटही दोघांत वाटले जातात, हे तेव्हा नीट कळलं, आणि त्या माणसाशी बोलणं पार तुटलं ते वेगळंच.

म्हणून घर बघायला जाल तेव्हा खाली मीटर रूममध्ये जा. वॉचमनला सांगून तुमच्या फ्लॅटचा मीटर शोधा, मग वर कोणाला तरी मेन स्विच पाडायला सांगा आणि मीटरवरचा छोटा लाल दिवा बघत राहा. तो लुकलुकायचा थांबला तर ठीक, मेन पाडूनही लुकलुकत असेल तर त्या मीटरवर दुसरं काहीतरी जोडलेलं आहे. मालकाकडून मागचं लाईट बिलही मागा, त्यावर आधीच्या महिन्यांचे युनिट छापलेले असतात, उन्हाळ्याचा आकडा एका नजरेत दिसतो, थकबाकी असेल तर तीही.

घ्यायचं ठरलंच तर अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर झालंच पाहिजे आणि त्यात हे साध्या शब्दांत लिहून घ्या: भाड्यात वीज, पाणी, मेंटेनन्स, गॅस आणि इंटरनेट धरलेलं आहे, विजेचे महिन्याला 250 युनिट भाड्यात, त्यावरच्या युनिटचे पैसे बिलातल्या दराने भाडेकरू देईल. एसी चालवायच्या वेळेवर बंधन नाही हेही लिहा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी करून रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची आहे, तसा करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही. खर्चही फार नाही, रजिस्ट्रेशन फी हजार रुपये आणि स्टॅम्प ड्युटी 0.25 टक्के.

अजून एक, काही मालक म्हणतात अ‍ॅग्रीमेंटवर 18 दाखवू, बाकीचे 8 "लाईट-वायफायचे" कॅशमध्ये द्या. तुम्ही ऑफिसात एचआरए (घरभाडे भत्ता) घेत असाल तर त्या 8 हजारांची पावती मिळणार नाही, शिवाय मालकाने लाईट-वायफायची सोय कधी बंद केली तर दाखवायला कागद नाही. याला हो म्हणू नका.

माझं मत विचाराल तर 250 युनिटची अट घालून 23-24 ला मागा, आणि लिहून द्यायला मालक तयार नसेल तर 21 वाला घ्या आणि लाईट बिल स्वतः भरा. मीटर आणि बिल बघितल्याशिवाय ब्रोकरला टोकन देऊ नका, तो "दुसरी पार्टी उभी आहे" म्हणेल, म्हणू दे.