पाऊस माझा नाही, ताडपत्री माझी

तुम्ही विचारलंय की स्टोइक लोक, म्हणजे जुन्या ग्रीस-रोममधले एका पंथाचे तत्त्वज्ञ, करायचे तसं रोज आत्मपरीक्षण केलं तर मन खंबीर होतं का, आणि गावात, शेतीच्या धबडग्यात ते जमवायचं कसं. मी यवतमाळ जिल्ह्यातला. नऊ एकर वावर, त्यातलं दोन एकर विहिरीवर, बाकी कोरडवाहू. कपाशी, तूर, सोयाबीन. चार वर्षांपासून हे करतोय, मध्ये दोनदा सुटलंही. तेवढ्या अनुभवावर सांगतो.

मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून मला वाटायचं की स्टोइक म्हणजे दगड. कापसाचा भाव पडला तरी चेहरा हलू नये, एवढीच माझी अपेक्षा होती. तसं काही झालं नाही. भाव पडला की अजूनही पोटात गोळा येतो. फरक पडलाय तो पुढच्या दोन-चार दिवसांत. आधी ते दिवस घरच्यांवर निघायचे.

पद्धत सेनेकाची. हा रोमचा स्टोइक, नीरो बादशहाचा शिक्षक, गडगंज श्रीमंत. (पारावर हे सांगितलं तर एकजण म्हणाला, "पैसेवाल्याचं काय जाते सांगाले!" खोटं नाही. म्हणून त्याच्या जोडीला एपिक्टेटस ठेवायचा. तोही स्टोइक, पण गुलाम होता, पायानं अधू होता.) रागावरच्या ग्रंथात सेनेका आपली सवय सांगतो: रात्री दिवा नेला, बायको बोलायची थांबली, की तो सगळा दिवस पुन्हा तपासायला घ्यायचा, स्वतःपासून काही न लपवता. हे त्यानं सेक्स्टियस नावाच्या आधीच्या तत्त्वज्ञाकडून उचललं. सेक्स्टियस झोपताना स्वतःला विचारायचा: आज कोणती खोड मोडली, कोणत्या दोषाला अडवलं, कुठं थोडा बरा झालास?

सेनेकाची उदाहरणं अगदी आपल्या घरातली वाटतात. वाद घालताना जास्तच चढून बोललास. अमक्याला समजवायला गेलास, पण असं तोडून बोललास की तो सुधारला तर नाहीच, वर दुखावला. आणि मग तो स्वतःला म्हणतो, पुन्हा असं करू नको, या वेळी माफ. माझ्या मते सगळी मेख या माफीत आहे. खचलेला माणूस रात्रभर आत्मपरीक्षणच करत असतो हो. त्याच्या कोर्टात फक्त तारीख पडत राहते, निकाल लागत नाही.

आता माझंच सांगतो. तीन वर्षांपूर्वी सोयाबीन सोंगून गंजी लावली होती, थ्रेशरचा नंबर लागायचा होता. दुपारनंतर आभाळ भरून आलं. ताडपत्री घरी, मी चौकात चहाच्या टपरीवर. जातो जातो म्हणेपर्यंत पाऊस कोसळला. गंजी भिजली, दाणा डागी झाला, व्यापाऱ्यानं भाव पाडला. आठवडाभर मी भेटेल त्याला सांगत होतो, निसर्गापुढं काय चालते. लोकही माना हलवत होते. काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात, हे एपिक्टेटसचं सूत्र तर मला पाठच होतं. पाऊस हातात नाही. विषय संपला.

रात्री आत्मपरीक्षण लिहायचो त्या वहीत मात्र ते वाक्य उतरेना. तीन-चार रात्री नुसती तारीख टाकून झोपलो. शेवटी लिहिलं: पाऊस माझा नाही, ताडपत्री माझी.

लिहून हलकं वाटलं असं मुळीच नाही. दोन दिवस स्वतःचाच संताप आला. पण पुढच्या हंगामात गंजी लावली त्याच दिवशी ताडपत्री धुऱ्यावर आणून ठेवली, दगडाखाली दाबून. एपिक्टेटस तर याहून कडक आहे. शरीर, मालमत्ता, नाव, पद, काहीच आपल्या हातात नाही म्हणतो. हातात आपलं मत, कशाची ओढ धरायची आणि काय टाळायचं, एवढंच. म्हणजे ताडपत्री न्यायचं ठरवणं माझ्याकडे, गंजी कोरडी राहीलच ही हमी नाही. हे कळलं की आळस निसर्गाच्या नावावर खपवता येत नाही, आणि नशिबाचा फटका स्वतःच्या डोक्यावरही घ्यावा लागत नाही.

करायचं कसं? कृषी केंद्रवाले डायरी देतात ती पुरते. दोन-तीन ओळी, बस. काय झालं ते कमी लिहा, मी काय केलं, काय बोललो ते लिहा. गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होत असेल तर तिथून उठल्यावरची वेळ चांगली, मन तसंही निवलेलं असतं. हरभऱ्याच्या दिवसांत लाईन रात्रीची असते, तेव्हा वही नाही. स्प्रिंकलरचे पाइप बदलायच्या मधल्या वेळात धुऱ्यावर बसून मनातल्या मनात होतं.

सकाळचाही एक प्रकार आहे, मार्कस ऑरेलियसचा. तो रोमचा सम्राट. डॅन्यूबकडच्या लढायांत असताना ग्रीकमध्ये स्वतःसाठी टिपणं लिहायचा. एका टिपणाची सुरुवातच अशी, की आज तुला नाक खुपसणारे, कृतघ्न, उद्धट लोक भेटतील. मी हे फक्त जिनिंगला कापूस नेताना करतो: आज ग्रेडर ओलावा जास्त दाखवेल, कुणीतरी रांगेत बंडी घुसवेल. मग तसं घडलं की अर्धं हसूच येतं. पण ज्याला आधीच काळजीनं पोखरलंय त्यानं हे रोज करू नये, बाधतं.

आणि झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगूच नये असं मनात येत असेल, तर वही बाजूला ठेवा आणि १४४१६ वर फोन लावा. ती सरकारची टेली-मानस सेवा आहे, मोफत आहे, मराठीत बोलतात. घरात एकाला तरी सांगा. तिथं सेनेका पुरत नाही.

सेनेकाची बायको गप्प राहायची. माझी राहत नाही. मी वही मिटली की अंधारातून आवाज येतो, "सकाळी पोराले काय म्हटलं, थे लिवलं काय?" बहुतेक वेळा तेवढंच राहिलेलं असतं. मग पुन्हा लाईट लावतो.