वाचकांचे प्रश्न : स्पॅनिश रेगेचा ठेका

प्रश्न : आमच्या धुमाळ पार्टीत मी ऑक्टोपॅड वाजवतो. वरातीत पोट्टे स्पॅनिश रेगे गाण्यांची फर्माईश करतात. मी केरवा धरतो, तर म्हणतात, ‘भाऊ, तसं नाही जमून राह्यलं.’ नेमकं कुठं चुकते?
— एक वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : एकाच मात्रेत चुकतं. केरव्याच्या ८ मात्रा तशाच धरा. बेस (खोल ठोका) १ आणि ५ वर, स्नेअर (कडक, तडतडीत ठोका) ४ आणि ७ वर. सवयीचा हात स्नेअर ३ वर मारतो, मग तो साधा सरळ ठेका होतो. ४ ला स्नेअर आणि लगेच ५ ला बेस, ह्या लागोपाठच्या दोन ठोक्यांत सगळी गंमत आहे. ठोके १, ४, ७ असे मोजले की ३-३-२ अशी फोड कानाला लागते.

मेट्रोनोम (लय मोजणारं यंत्र) आधी ६० वर, म्हणजे मिनिटाला ६० टिकटिक, लावा; एका टिकटिकीला ४ मात्रा. पायाने १ आणि ५ धरा, हाताने फक्त ४ आणि ७. हात न अडखळता चालला की ९० ते १०० वर न्या. वरात रंगली म्हणून १३० वर नेऊ नका. ४ आणि ५ एकमेकांवर चढतात आणि ऐकणाऱ्याला नुसता गोंगाट येतो.

बेसचा आवाज लांबट ठेवू नका. ९५ च्या लयीत १ पासून ५ पर्यंत जेमतेम ०.६ सेकंद मिळतात. आवाज त्याच्या निम्म्यात विरला पाहिजे, नाहीतर डीजेचे बेस बॉक्स घुमतात आणि स्नेअर बुडतो. गाडीच्या हादऱ्यांनी पॅड आपोआप वाजत असेल तर स्टँडखाली जाड रबर घाला आणि थ्रेशोल्ड (किती जोराने मारल्यावर पॅड वाजावा ती सेटिंग) थोडा वाढवा. एका पॅडवर मारलं की शेजारचा वाजतो, तिथे मात्र क्रॉसटॉकची सेटिंग बघा.

प्रश्न : हे पोर्तो रिकोचंच संगीत ना?
— एक वाचक, जि. चंद्रपूर

उत्तर : नाव तिथे गाजलं, पण स्पॅनिश रेगेचा पाया पनामात घातला गेला. १९०४ ते १९१४ या काळात पनामा कालवा खोदायला बार्बाडोस, जमैका आणि इतर बेटांवरून हजारो मजूर आले. त्यांची नातवंडं घरी इंग्रजी-क्रिओल (बेटांवरची मिश्र इंग्रजी बोली) आणि रस्त्यावर स्पॅनिश बोलत वाढली. जमैकाची रेगे गाणी त्यांना परकी नव्हतीच. फक्त शब्द स्पॅनिश करायचे होते. १९८० च्या दशकात रेनाटो या गायकाने ते केलं. रंगवलेल्या जुन्या बसमधून, ज्यांना तिथे ‘दियाब्लो रोखो’ म्हणतात, ही गाणी शहरभर फिरली.

बाहेरच्या जगाला हा प्रकार कळला तो एल जनरल या गायकामुळे. खरं नाव एडगार्डो फ्रँको, जन्म १९६९, पनामा सिटीच्या रिओ अबाहो वस्तीचा. लष्करी गणवेशात तो गायचा. ‘तु पुम पुम’ आणि ‘मुएवेलो’ ही १९९०-९२ च्या सुमाराची त्याची गाणी लॅटिन अमेरिकाभर वाजली. आमच्या मते त्याचा खरा गुण उच्चारात आहे : स्पॅनिश अक्षरं तो ठेक्यावर आपटतो, सुरात लांबवत बसत नाही. गायक नांदो बूमही त्याच पिढीतला.

वर सांगितलेला ठेका मात्र जमैकाचा. स्टीली आणि क्लीव्ही या तिथल्या संगीतकार जोडीने तो बांधला, गायक शॅबा रँक्सच्या ‘डेम बो’ या गाण्यातून तो पसरला. म्हणून त्या ठेक्याचंच नाव आता ‘डेम्बो’ झालंय.

प्रश्न : मग जुना, संथ रेगे आमच्या भजनी मंडळाच्या ढोलकीवर बसेल का?
— एक वाचक, ता. धारणी, जि. अमरावती

उत्तर : बसेल, पण समेवर हात आवरावा लागेल. त्याच ८ मात्रा धरा, लय बरीच संथ. १ मोकळी सोडा. ५ वर धुमाची खोल थाप आणि चाटीचा टणका एकदम. पेटीवाल्याने ३ आणि ७ वर तीन स्वर एकत्र, तुटक दाबून लगेच सोडावेत. बोटं पट्टीवर रेंगाळली की रेगे गेला. टाळकऱ्यांना सुरुवातीला थांबवा. ते हटकून १ वर टाळ मारतात.