विषयांची यादी देऊ नका, अडचण विचारा

नमस्कार सर. तुमची पोस्ट वाचली. तुमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, शिक्षण परिषदेची (शिक्षकांच्या दरमहा होणाऱ्या बैठकीची) सत्रं आता शिक्षकांनीच घ्यायची, विषयही त्यांनीच निवडायचे असं ठरलं. तुम्ही मेहनतीने पंचवीस विषयांची यादी गुगल फॉर्मवर टाकली आणि निम्म्याहून जास्त लोकांनी "कोणताही चालेल" असं भरून पाठवलं. लोकांना शिकायचंच नाही का, असं तुम्ही विचारलंय. आमच्याकडेही अगदी हेच झालं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधीच सांगते, मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. प्रशिक्षण क्षेत्रातली तज्ज्ञ नाही. माझा अनुभव एका तालुक्यापुरता आहे. माध्यमिकला किंवा खाजगी अनुदानित शाळांत काही गोष्टी वेगळ्या असतील. फॉर्म, हजेरी, ग्रुप, खोलीची व्यवस्था यात मी शिरत नाही, ते तुम्हाला येतंच.

लोकांना शिकायचंय. पण तुमच्या यादीत त्यांचा वर्ग नाही. 'आनंददायी अध्यापन', 'तंत्रज्ञानाचा प्रभावी वापर', 'एकविसाव्या शतकातील कौशल्ये' असे मथळे आपण वर्षानुवर्षं ऐकतोय. जिच्या तिसरीतली मुलं अजून जोडाक्षरापाशी अडखळतात, तिने यातलं काय निवडायचं? ती "कोणताही चालेल"च लिहिणार. दुसऱ्याने केलेल्या यादीवर खूण करणं याला मी निवड म्हणत नाही. काय शिकायचं हा प्रश्नच शिक्षकाकडून यायला हवा.

म्हणून फॉर्म बाजूला ठेवा. परिषदेच्या शेवटी प्रत्येकाला कागदाची एक चिठ्ठी द्या आणि एकच प्रश्न विचारा: या महिन्यात तुम्ही नीट शिकवलं, तरी मुलांना आलं नाही, असं काय? चिठ्ठीवर नाव नको, शाळाही नको. नाव आलं की माणूस सावध होतो, कारण ती चिठ्ठी केंद्रप्रमुख वाचणार, कदाचित विस्तार अधिकारीही. नावाशिवाय लोक खरं लिहितात. आमच्याकडे पहिल्याच वेळी हातच्याची वजाबाकी, चौथीच्या मुलांचं उताऱ्याखालच्या प्रश्नांना उत्तराऐवजी अख्खं वाक्य उतरवणं, आणि दोन इयत्ता एका खोलीत सांभाळताना दुसऱ्या इयत्तेला काय काम द्यायचं, असे प्रश्न निघाले. पंचवीसच्या कुठल्याही यादीत हे सापडणार नाहीत.

वजाबाकीचं सत्र कसं झालं ते सांगते, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. ते घेणाऱ्या बाई आमच्यातल्याच, दुसरी-तिसरी शिकवणाऱ्या. त्यांनी पीपीटी केली नाही. "येताना आपापल्या वर्गातल्या चुकलेल्या वह्या घेऊन या" एवढाच निरोप पाठवला. ६२ मधून ३८ वजा करा, हे एकच गणित सगळ्यांनी आधी वर्गात दिलेलं होतं. वह्या टेबलावर पसरल्या आणि बाई म्हणाल्या, चुकांच्या गड्ड्या करा. काही मुलांचं उत्तर होतं ३६, काहींचं ३४. बरोबर उत्तर २४. आम्ही सगळेच दोन्ही चुकांवर लाल फुली मारून "हातचा नीट घे" असं लिहीत आलो होतो. बाईंनी विचारलं, ३६ कसं आलं असेल? मग लक्षात आलं, या मुलाने २ मधून ८ जात नाहीत म्हणून सरळ ८ मधून २ काढले. त्याला वजाबाकी म्हणजे मोठ्या अंकातून लहान अंक काढणं एवढंच ठाऊक आहे. ३४ वाल्याने दशक सोडवून १२ मधून ८ बरोबर काढले, पण सहाचे पाच करायचे राहिले. पहिल्याच्या हातात गठ्ठे आणि सुट्ट्या काड्या देऊन ६२ म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागते. दुसऱ्याला फक्त गठ्ठा सोडल्यावर उरलेले गठ्ठे मोजायला लावले तरी पुरतं. दोघांना एकच उजळणी देऊन आपण दोघांचाही वेळ घालवत होतो.

तासाभराचं सत्र होतं. पण पुढच्या महिन्यात जवळजवळ सगळे जण स्वतःहून पुन्हा वह्या घेऊन आले, काय बदललं ते दाखवायला. थॉमस गस्की या अमेरिकन अभ्यासकाने १९८६ साली मांडलं होतं की प्रशिक्षणाने आधी शिक्षकाचं मत बदलतं आणि मग तो वर्गात बदल करतो, हा क्रम उलटा आहे. शिक्षक आधी काहीतरी करून बघतो, त्याला मुलांच्यात फरक दिसतो आणि मग त्याचं मत बदलतं. मला हे शंभर टक्के पटतं. म्हणून सत्रात कुणाला पटवत बसू नका. उद्या वर्गात करून बघण्यासारखी एक छोटी गोष्ट द्या आणि पुढच्या वेळी मुलांचं काम घेऊन यायला सांगा.

आता ज्यामुळे आमचं सगळं मोडलं, तिकडे येते. तुम्हाला सावध करायचंय ते इथेच.

दोन-तीन केंद्रांत ही सत्रं रुजली, तशी बातमी वरच्या एका कार्यालयात गेली. कुठलं ते लिहीत नाही. तिथून आधी कौतुक झालं, मग विहित नमुना आला. विषय, उद्दिष्टं, अध्ययन निष्पत्तीचा (मुलांना काय यायला हवं त्याच्या ठरलेल्या यादीतला) क्रमांक, सुलभकाचं म्हणजे सत्र घेणाऱ्याचं नाव, अपेक्षित फलित, बॅनरसह फोटो, आणि हे सगळं महिनाभर आधी. चिठ्ठीतून विषय काढायचा तर महिनाभर आधी कसं कळणार? आम्ही विचारलं, तर उत्तर आलं की मग वर्षभराचे विषय एकदमच ठरवून द्या. ते दिले. पुढच्या सत्रापासून तीच यादी सगळ्या केंद्रांना लागू झाली, तारखांसकट. शिक्षकांच्या चिठ्ठ्यांतून निघालेले प्रश्न पाहता पाहता वरून आलेला आदेश झाले.

तरीही लोक येत राहिले, कारण या तासांची नोंद वर्षाच्या प्रशिक्षणात धरू असा शब्द त्या कार्यालयाने भर बैठकीत दिला होता. वर्षअखेरीस यादी लागली, तेव्हा एकाचाही एक तास त्यात नव्हता. कारण असं की सत्रं 'मान्यताप्राप्त सुलभकाने' घेतलेली नाहीत. शब्द देणारे साहेब तोवर बदलून गेले होते आणि नवीन साहेबांकडे लेखी काहीच नव्हतं. मग सगळ्यांना 'राहिलेले तास' भरून काढायला प्रशिक्षणाला बोलावलं. त्यात एक विषय पायाभूत गणिताचा होता. वजाबाकीचं सत्र घेणाऱ्या आमच्या बाई शेवटच्या बाकावर बसून दिवसभर स्लाइड वाचून दाखवलेल्या ऐकत होत्या. हजेरीसाठी सकाळी एक सही, संध्याकाळी एक. त्यांनी त्यानंतर पुन्हा सत्र घेतलं नाही. मी दोनदा घरी जाऊन विनंती केली, पण त्या नाही म्हणाल्या आणि मला त्यांना आग्रह करवेना. पुढच्या वर्षी चिठ्ठ्या कोऱ्या यायला लागल्या.

हे लिहितानाही राग येतो. पैसा लागला नव्हता, माणसं मनापासून येत होती, मुलांच्या वह्यांत फरक दिसत होता. एका कार्यालयाने दोन ओळींचं पत्र काढलं असतं, तर ते टिकलं असतं.

म्हणून पहिलं सत्र घेण्याआधी पत्र द्या. केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना. पत्रात मोजक्याच गोष्टी असू द्या: सत्र परिषदेच्या दिवशीच होईल, सेवेतला शिक्षक सुलभक म्हणून ग्राह्य धरावा, तासांची नोंद करावी, आणि विषय आदल्या महिन्याच्या चिठ्ठ्यांवरून ठरेल. ही शेवटची ओळ पत्रात हवीच, नाहीतर यादी मागणारा फोन येतोच. तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घ्या. पाठिंब्यासाठी राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधला ५.१५ हा मुद्दा लिहा. प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, असं तिथे आहेच. पण ते शिक्षकाच्या स्वतःच्या आवडीने चालणारं असावं, हेही त्याच वाक्यात आहे, आणि स्थानिक पातळीवरच्या कार्यशाळाही त्यात धरल्या आहेत. ५० हा आकडा सगळ्यांना पाठ असतो, उरलेलं वाक्य कुणी वाचत नाही. अर्थात तुमच्या जिल्ह्यात तास कसे मोजतात याचे आदेश वेगळे असू शकतात, चालू परिपत्रक आधी बघा. आणि वरिष्ठ किंवा निवड वेतनश्रेणीच्या (ठरावीक सेवेनंतर मिळणाऱ्या वरच्या पगारश्रेणीच्या) प्रशिक्षणाशी याची गल्लत करू नका. ते वेगळं आहे, या सत्रांनी ते भागणार नाही.

सरकारी प्रशिक्षणं वाईटच असतात असं माझं म्हणणं नाही. २०१९ मध्ये निष्ठा हे देशभरातल्या शिक्षकांसाठीचं सरकारी प्रशिक्षण सुरू झालं, पुढच्या वर्षी ते दीक्षा या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन आलं. सगळ्यांना समान माहिती द्यायची तर असं काही लागतंच, आणि त्यातले काही घटक मला उपयोगी पडले. पण माझ्या वर्गातला मुलगा ३६ का लिहितो, हे तिथे कुणी सांगू शकत नाही. ते शेजारच्या शाळेतल्या बाईच सांगू शकतात.

जे चांगलं चालतं त्याची सक्ती करायचा मोह आपल्याकडे जुनाच आहे. २०१५ मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र या राज्याच्या गुणवत्ता कार्यक्रमाचा शासन निर्णय आला, त्या काळात साताऱ्याच्या कुमठे बीटमधले (एका विस्तार अधिकाऱ्याच्या हाताखालच्या शाळांमधले) वर्ग बघायला राज्यभरातून शिक्षक जात होते. मुलं प्रत्यक्ष शिकताना दिसायची, तिथल्या शिक्षकांना प्रश्न विचारता यायचे. आमच्यातले बरेच जण तिथून भारावून आले. नंतर आमच्या भागात त्यातली फरशीवरची तळफळं (मुलांना लिहिण्यासाठी जमिनीवर रंगवलेले फळे) तेवढी सक्तीची झाली. रंग मारलेल्या फरशीचे फोटो मागवले गेले, त्यावर मुलं काय करतात हे कुणी विचारलं नाही.

तुमच्या पोस्टखाली एकांनी एडकॅम्प हा शिक्षकांच्या मेळाव्याचा प्रकार सुचवलाय. २०१० मध्ये फिलाडेल्फियात त्याची सुरुवात झाली. आधी विषय ठरलेले नसतात, जमलेले लोक सकाळी फळ्यावर विषय लिहितात, आणि सत्र उपयोगाचं वाटलं नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं. कल्पना मला आवडते. पण आपल्याकडे विस्तार अधिकारी समोर बसलेले असताना मधूनच उठून जाणारा शिक्षक मी तरी पाहिलेला नाही, आणि कुणी उठलाच तर सत्र घेणाऱ्याला तो अपमान वाटतो. त्यापेक्षा एकाच वेळी दोन खोल्यांत दोन सत्रं ठेवा आणि दारातच निवडू द्या. एका खोलीत चौघंच आले तरी चालेल. चौघांत बोलणं जास्त होतं.

जपानी पद्धतीचा पाठ-अभ्यास जमला तर जरूर करा. चार-पाच जणांनी मिळून एक पाठ आखायचा, एकाने शिकवायचा, बाकीच्यांनी मुलांकडे बघायचं. मुलांकडेच, शिक्षकाकडे नाही, हे बजावून सांगा. नाहीतर निरीक्षण पाठाच्या आठवणीने शिकवणाऱ्याचे हात थरथरतात आणि चर्चा फलकलेखनावर येते. अडचण द्विशिक्षकी शाळांची. एक जण पाठ बघायला गेला की उरलेल्यावर सगळ्या इयत्ता पडतात. त्यामुळे हा पाठ परिषद जिथे भरते त्या शाळेत, तिथल्याच मुलांसोबत घ्या. वेगळा दिवस मागू नका, मिळत नाही आणि मिळाला तर मुलांचं नुकसान होतं.

फोटोंचं एक. वह्यांचे फोटो ग्रुपवर टाकताना मुलाचं नाव झाका. चुकलेली वही त्याच गावातल्या पालकाच्या मोबाइलवर पोचायला वेळ लागत नाही. आणि दीक्षाची प्रमाणपत्रं पीडीएफ करून ठेवा, त्यावरचं नाव सेवापुस्तकातल्या नावाशी जुळतं का तेही आत्ताच बघा.

सत्र घेणाऱ्याला प्रमाणपत्र द्यावं का, हाही तुमचा प्रश्न होता. माझ्या मते द्या, पण सत्र ऐकणाऱ्यांना नको. ऐकणाऱ्यांना दिलं की माणसं प्रमाणपत्रासाठी येतात. घेणाऱ्याच्या प्रमाणपत्रावर मात्र सत्राचा नेमका विषय लिहा, "मार्गदर्शन केले" एवढंच नको. "हातच्याच्या वजाबाकीतील चुका" असं लिहिलेला कागद त्याला पुढे दाखवता येतो. यावर इतरांचं मत वेगळं असू शकतं.

पहिल्या चिठ्ठ्या आल्या की काय निघालं ते इथे लिहा. भागाकार निघाला तर मुलांच्या चुकांचे बरेच नमुने माझ्याकडे आहेत, नावं झाकून पाठवते. जोडाक्षरांचं निघालं तर या ग्रुपवरच्या पहिली-दुसरीच्या शिक्षिकांना विचारा, त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.